मशाल खाली आली की तांदूळ

हॅलो?… हो बाबा, रबाबच. दुसरं कोण उचलणार… पोचलात ना बगदादला? खोली बरी आहे?… मी? पापलेट साफ करतेय. फाव बंदरावरून आलंय, ताजं… अहो, माशाचं नंतर. उद्याचं भाषण वाचून दाखवणार होतात ना?

हां, वाचा… ऐकतेय हो, स्पीकरवर ठेवलाय, हात माशाचे आहेत…

थांबा. 'कार्बन उत्सर्जनाच्या अनुषंगाने' कशाला? सरळ धूर म्हणा… मंत्रालयात चालत नाही? तिथला धूर काय वेगळा असतो?… बरं, राहू दे. पुढे.

म्हणजे सरकार म्हणतं, तेलविहिरींवरचा वायू जाळणं बंद करा. पाच वर्षांत चिमण्यांवरच्या सगळ्या मशाली विझवा, नाहीतर दंड. आणि तेल कंपन्या म्हणतात, आधी वायू न्यायला पाइप टाकून द्या, मग दंडाचं बोला… दोघांचंही बरोबर? बाबा, तुम्ही काझीच व्हायला हवं होतं… हो, हो, आईसुद्धा हेच म्हणायची. वाचा ना…

काय?… ते शेवटचं वाक्य परत वाचा.

'आमच्या प्लांटपुरतं सांगतो. पाइपची वाट बघायची गरज नाही. वायू दाबून परत विहिरीत सोडणारे दोन कॉम्प्रेसर आवारात पडून आहेत. ते लावले तर आमची मशाल उद्याच विझेल'… बाबा, हे साहेबांना दाखवलंय?… नाही. तुम्हाला सगळ्या कंपन्यांनी मिळून मुदतवाढ मागायला पाठवलंय आणि तुम्ही… परतीचं तिकीट तरी काढलंय ना त्यांनी?… हसताय काय. उद्या कामावरून काढतील…

हो, मीच म्हणायचे. शाळेत असल्यापासून. 'बाबा, तुमचा धूर'… नुसते वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे म्हणून नाही काही… बरं, म्हणूनसुद्धा.

कसं वाटलं?… अं… ठीक आहे. 'करण्यात यावे' दोनदा आलंय, एक काढा… बाबा, तेल तापलं. गुरुवारी थेट घरीच या जेवायला. हो, मनुके घालून भात. ठेवते.

*

रबाबचे वडील शाकिर यांनी दुसऱ्या दिवशी मंत्रालयात ते शेवटचं वाक्यही वाचलं. गुरुवारी सकाळी हॉटेलातल्या माणसाने चहासाठी दार वाजवलं, तर ते झोपेतच गेलेले होते. रबाबने त्यांची पुस्तकं आवरली, चष्मा पुसून ठेवला. रडली ती एकटीच असताना. पुढच्या वर्षी एका दुपारी फोन वाजला तेव्हा ती बसऱ्याबाहेरच्या त्याच घरात, त्याच ओट्यापाशी उभी होती. फोन वडिलांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या जब्बारकाकांचा होता.

*

हॅलो?… बोला काका… आज? आत्ता लगेच विझवताहेत मशाल?… तेच दोन कॉम्प्रेसर?… काय सांगता. कंपनीने फाटकावर फलकही लावला? 'सरकारी धोरणाला आमचा पहिल्यापासून पाठिंबा'… पहिल्यापासून. बाबा असते तर हसता हसता चहा सांडला असता अंगावर…

हो, दिसतेय ना खिडकीतून. बरीच खाली आलीय… काका, आमच्याकडे आई कधी घड्याळ बघायची नाही. मशाल उंच गेली म्हणजे प्लांटवर गडबड, बाबांना उशीर. खाली आली की म्हणायची, 'निघतील आता, रबाब, तांदूळ टाक'… हो? बाबांनी सांगितलं होतं तुम्हाला? आणि तुम्ही लोक त्यावरून चिडवायचात त्यांना?… मला नव्हतं माहीत हे.

नाही हो, रडत नाहीये. खरंच नाही. बरं वाटतंय.

अगदी एवढीशी राहिली… थांबा, बोलू नका आता… थांबा…

गेली. काका, गेली ना?… टाळ्या वाजवताहेत का सगळे? ऐकू येतायत.

काका, ऐका ना. तुम्ही फाटकाबाहेर आहात ना, मोबाइल घेऊन? फोन जरा मशालीकडे धरता?… विझली, माहीत आहे. तरी धरा… काही विचारू नका, धरा फक्त.

…

बाबा, ते शेवटचं वाक्य फार चांगलं होतं. तेव्हाच वाटलं होतं. मला तुमचा अभिमान वाटतो, बाबा. शाळेत होते तेव्हाही वाटायचा.

मशाल खाली आली. तांदूळ टाकतेय. ठेवते.