पाचर

चांद्याच्या दवाखान्यात कुंताबाई सुजलेलं बोट घेऊन बाकावर बसली होती. शेजारचे दोघं लाकूडकापे बोलायला लागले, तशी ती बोट विसरली अन् कान देऊन ऐकू लागली.

“कोलू, डॉक्टरले कुठी दुखते म्हून सांगशील?”

“तेच तं समजून नाई राह्यलं, इस्तारी. खड्ड्यावर लाकूड ठेवून आपून दोघं हातानं आरा ओढत होतो तवा खांदा दुखे. दाखवता तरी येई.”

“आता मशीनच कापते. तुले नुसतं लाकूड ढकलाचं.”

“काम हलकं झालं नं! मंग जीव काऊन घाबरा होते?”

“तवा तू वर, मी खाली खड्ड्यात. दमलो का मी बोंबलत होतो, ‘पाचर!’”

“आरा अडकू नाई म्हून मी चिरेत पाचर ठोकत होतो, तवरिक तुई बिडी होऊन जाये.”

“खरं सांगू? निम्म्या वेळा आरा अडकतच नोहता.”

“मले का मालूम नोहतं? मीबी मुद्दाम हळू हळू ठोकत होतो.”

“मशीनले पाचर लागत नाई?”

“नाई लागत. एक लाकूड गेलं का दुसरं हजर. मुकादमाले म्हटलं, जराक थांबव. तो म्हणे, काऊन? मले सांगताच नाई आलं.”

तेवढ्यात कंपाउंडरनं हाक मारली.

“कोलू कोण? काय झालंय तुला?”

कोलू उठला. त्यानं इस्तारीकडे पाहिलं, मग कंपाउंडरकडे.

“पाचर,” तो म्हणाला.

“कुठं घुसली? दाखव.”

कोलू आपले धडधाकट हात उलटेसुलटे करून पाहत राहिला.