पाचवे शील

नाव यशोदाबाई सावळीराम पगारे, वय अंदाजे ३४, धंदा विड्या वळणे, राहणार देवळाली गाव, नाशिक रोड. ता. २३ मे १९७८.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मयत नाईक सावळीराम बहिरू पगारे हे माझे पती. ते फौजेत नाईक या हुद्द्यावर नोकरीस असून सुट्टीवर घरी आले होते. पहाडात थंडीची रम मिळायची, तिथे सवय लागली. पुढे थंडी राहिली नाही, सवय राहिली. या वेळी साहेबांनी बजावून पाठवले होते की, पिऊन परत आलास तर कायमचा घरी बसवू.

आमच्या विहारात सुट्टीवर आलेल्या फौजीने पंचशील सांगायचे व बाकीच्यांनी मागून म्हणायचे, अशी पद्धत आहे. चौथे शील खोटे न बोलण्याचे, पाचवे दारू न पिण्याचे. माझे पती चार शीले खणखणीत सांगत व पाचव्याला गप्प राहत. चौथे आत्ताच सांगितले, मग पाचवे कोणत्या तोंडाने सांगू, असे म्हणत. लोक तोंड दाबून हसत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

या सुट्टीत त्यांनी बाटली स्वतः मोरीत ओतली. म्हणाले, "यशोदे, पुनवेला पाचवं मीच सांगनार." दुसऱ्या दिवसापासून हात कापू लागले, झोप गेली, भिंतीवर माणसे दिसू लागली. मी दवाखान्यात चला म्हणाले. सासूबाई भागीबाई म्हणाल्या, "अगं, इख निघतंय आंगातनं. निघू दे." मलाही ते पटले. आम्ही ताक पाजत राहिलो.

काल बुद्धपौर्णिमा. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या गुंड्या मी लावल्या, त्यांना लावता येत नव्हत्या. विहारात त्यांनी पाचवे शील न अडखळता सांगितले. कोणी हसले नाही. मागून सगळ्यांनी म्हटले, मीही म्हटले. वंदना संपायच्या आत ते झटके येऊन पडले. दवाखान्यात नेले, तिथे मयत झाले. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडू नये, दवाखान्यात ठेवून सोडवतात. हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते.

माझी कोणावर तक्रार नाही. मात्र वस्तीतल्यांनी 'दारू पिऊन पडला' असे सांगितले आहे, ते खोटे आहे. पलटणीला तसे कळवू नये. ते शेवटचे जे बोलले ते खरे बोलले, एवढे लिहावे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात पडण्याचे कारण म्हणून लिहिलेले 'दारू पिऊन' हे शब्द माझ्यासमोर खोडले. आता बरोबर आहे, म्हणून अंगठा देते.