खिळ्यावरची चावी

अरे, दारू विकणं सोपं असतं, पिणाऱ्याला धड घरी पोचवणं हा खरा वैताग. ब्याण्णव-त्र्याण्णव साली द्वारका चौकात माझी परमिट रूम होती ना, तिथला नियमच होता: आधी स्कूटरची चावी माझ्या खिळ्याला, मगच पहिला पेग. घरी रिक्षानं जायचं, चावी सकाळी न्यायची. गिऱ्हाईकं रोज भांडायची. गुणी माणूस एकच, एक हेडक्लार्क साहेब. न सांगता चावी लावायचे. मी दमून बाकीच्यांना त्यांचंच उदाहरण द्यायचो.

एक दिवस सकाळी त्यांची बायको आली. "भाऊ, आमच्या कपाटाची चावी तुमच्याकडे राहिलीय का?"

मी खिळ्यावरची चावी दाखवली. "ही एकच आहे, साहेबांच्या स्कूटरची."

"अहो, हीच कपाटाची! स्कूटरवर तर ते काल घरी आले. येताना आमचंच फाटक पाडलं."