ओरडा झाला का थांबते

मी मूळचा दर्यापूरकडचा, पाचवीतच शाळा सुटली, मग मामानं इकडं रायपूरले आणून सोडलं, अन् गुढ़ियारीत एका भैयाच्या तबेल्यात घोडे धुवाले लागलो. मले टायफाइड झाला तवा भैयानं पोटच्या पोरावानी सांभाळलं, त्याइचं मीठ खाऊन राहिलो, म्हणून त्याइच्यासमोर खोटं बोलवत नाई.

तुफान घोडा म्हणजे भैयाचा शौक. काळाभोर, छाती अशी रुंद, अन् दम तं विचारूच नका. पण जत्रेतल्या एकाही शर्यतीत पहिला आला नाई. काहून, ते सांगतो. भैयाची लग्नाची पांढरी घोडी आहे, ती लंगडली तवा दोन सीझन वरातीत तुफानच गेला. वरातीत घोड्याचं काम काय, बँड जोरात वाजला, पोट्टे ओरडले का जागच्या जागी थांबाचं, पाय उचलून नाचाचं. तेच त्याच्या हाडात बसलं.

परवाच्या शर्यतीत, काय सांगू तुम्हाले, सगळ्याइच्या पुढं होता. माह्या डोळ्यात पाणीच आलं. शेवटच्या झेंड्यापाशी पब्लिक ओरडलं, ढोल वाजला, अन् हा थांबला. थांबला अन् पाय उचलून नाचाले लागला. वरचा सवार टाचा मारून थकला, मागचे घोडे निघून गेले. कोणीतरी बोंबललं, अरे दूल्हा कहाँ है रे! सगळं मैदान हसलं.

घरी आल्यावर भैया म्हणे, सच बता, अगले साल कुछ होगा? तोंडाशी आलं होतं का हव भैया, जिंकन. पण म्हटलं, पाय चांगले आहेत, दम चांगला आहे, जीतेगा नहीं भैया. भैयानं तुफानच्या मानेवर हात ठेवला. घोडी आता बरी झाली, दोघाइचा चारा त्याइले झेपत नाई, म्हणून तुफानले विकाचं ठरलं. मले म्हणे, तू कहीं नहीं जाएगा, तू घर का है. देव त्याइचं भलं करो.

विटभट्टीवाला आज येऊन तुफानले पाहून गेला, उद्या नेते. मी त्याले म्हटलं, दादा, थांबवाचं असन तं नुसतं ओरडा, मारू नका. तो म्हणे, और चलाना हो तो? मी म्हटलं, चूप राहा, आपोआप चालते.

तो हसाले लागला. म्हणे, भट्टी में चुप कौन रहता है भाई?