सॅबीने बसवलेला कॅमेरा

खरं सांगतो, आमच्या सांडोर गावच्या सॅबीने त्याच्या जुन्या गाडीत स्वतः स्क्रीन आणि मागचा कॅमेरा बसवला, तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. आजवर गाडीचं, कम्प्युटरचं काहीही असो, आळीत सगळे मलाच विचारायचे. आता माझीच बायको म्हणते, "आपला कम्प्युटर सॅबीला दाखवू या का?"

चूक काढायलाच मी त्याच्याकडे गेलो. बॉनेट उघडायला लावलं.

"बॅटरीजवळ फ्यूज टाकलास? नाहीतर वायर जळते."

"टाकला ना. तूच शिकवलंस," सॅबी म्हणाला. "तुझ्या गाडीत कुठे टाकलायस, बघू?"

माझ्या गाडीत मी स्वतः जोडलेल्या स्टिरिओच्या वायरला फ्यूजच नव्हता. शेवटी सॅबीनेच बसवून दिला, आणि बायको शेजारी उभी राहून त्याचं कौतुक करत होती.