गॅलरीतल्या काळ्या माश्या

दवाखान्यात लेकाला मांडीवर घेऊन बसलेल्या तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. गॅलरीच्या रेलिंगच्या पोकळ पाइपात बारक्या काळ्या माश्या शिरताना तिने सकाळी पाहिल्या होत्या आणि लगेच फवारणीवाल्याला चारची वेळ दिली होती. समोरच्या बाकावर एक माळीबुवा आपल्या थोरल्या बहिणीशी वाद घालत होते.

"अक्का, तुझ्या भिंतीतल्या त्या बारक्या काळ्या मधमाश्यांना नांगीच नसते."

"मग चावतात कशाने?"

"चावल्या का कधी?"

"नाही. पण चावतील असं वाटतं."

"तीन वर्षं वाटतंय तुला. त्या आल्यापासून मिरच्या एवढ्या धरतात, त्या कुणामुळे?"

"मी पाणी घालते म्हणून."

"पाणी तर आधीही घालायचीस. तेव्हा फुलं गळायचीच ना?"

"मोठा आलास शिकवायला. तू बाग अशी भादरतोस की एक फूल टिकत नाही. माश्यांनी खायचं काय?"

"म्हणून यंदा कोथिंबिरीचा वाफा फुलू दिलाय. बागेचे साहेब म्हणाले, माळी म्हातारा झाला."

"ते खरंच आहे."

तिला राहवलं नाही.

"काका, या त्याच माश्या, हे ओळखायचं कसं?"

"भोकाच्या तोंडाशी मेणाची नळी बांधतात, काडीएवढी. लांबूनही दिसते."

तिने घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, गॅलरीत जाऊन जरा लांबूनच बघा, रेलिंगच्या भोकाशी मेणाची नळी दिसते का... काडीएवढी?... मग फवारणीवाल्याला दारातूनच परत पाठवा. हो, बाळाची काळजी मलाही आहे. आणि कुंडीतली कोथिंबीर खुडू नका, फुलू दे. भाजी आज तशीच खाऊ."