मुलांच्या फीचा रकाना

टॅक्स वाचवायला गेलतो आन् वडिलांचं बोलणं बंद करून बसलो, ते सांगतो. मी माजलगावकडं एका साखर कारखान्यात केमिस्ट हाय. पदरच्या पैशानं एक कोर्स केला, केमिस्ट लोकांच्या संघटनेची वर्गणी भरली. टॅक्सच्या फॉर्मात स्वतःच्या शिक्षणाला रकानाच नव्हता, म्हणून दोन्ही पावत्या ‘मुलांची शाळेची फी’ या रकान्यात टाकल्या. पुढं नोटीस आली, मुलांच्या फीचा पुरावा द्या. नेमकी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या हातात पडली. माझं लग्न तर अजून ठरायचंय.

अण्णा दोन दिवस गप्प. मी बीडला टॅक्सच्या वकिलाकडं निघालो, तर न बोलता गाडीवर मागं बसले. मला वाटलं, खोटी फी दाखवली म्हणून अण्णा चिडलेत, आता नोकरीच जाती.

वकिलांनी विचारलं, "ही फी कुणाची?"

"माझीच, साहेब."

"मग मुलांची म्हणून कशाला लावली?"

"दुसरा रकाना सापडला न्हाई."

"पगारदाराला स्वतःच्या फीची सवलत नसती. दुरुस्ती करा, टॅक्स आन् व्याज भरा."

अण्णा पुढं सरकले.

"भरंल तो, साहेब. पण ह्याला कुठं लेकरंबाळं न्हाईत, एवढं नक्की ना?"